कनेक्शन तुटतंय खरं, पण तोडतंय कोण?

प्रश्न थोडक्यात असा. एका खरेदी-विक्री संघाची ऑर्डर घेणारी वेबसाइट फ्लास्कमध्ये (पायथनचं वेबसाइट बांधायचं साधन) लिहिली आहे आणि क्लाउडवर चालते. डेटाबेस मात्र संघाच्या मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरवर आहे, कारण हिशेबाचं सॉफ्टवेअर तिथं आहे. दोन्हींच्या मध्ये व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारा खासगी रस्ता. डेटाबेस मायएसक्यूएल ८.०. रोज सकाळी साइट उघडणाऱ्या पहिल्या तीन-चार जणांना ताबडतोब एरर येते: २००६, 'मायएसक्यूएल सर्व्हर हॅज गॉन अवे', आणि पुढे कंसात 'टाइमआउटएरर ११०'. पान पुन्हा उघडलं की सगळं सुरळीत. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर प्रकार वेगळा. पान अर्धा मिनिट नुसतं फिरत राहतं आणि मग ५०२ येतो, म्हणजे 'मागच्या प्रोग्रामकडून धड उत्तर आलं नाही' अशी एरर. वेट_टाइमआउट, म्हणजे रिकामं कनेक्शन मायएसक्यूएल किती वेळ उघडं ठेवतो ती मुदत, आठ तासांवरून चोवीस तासांवर नेला, तरी गुण आला नाही. क्लाउडवाले डेटाबेसकडे बोट दाखवतात, प्रोग्रामर नेटवर्ककडे, आणि नेटवर्कवाला म्हणतो, "पिंग तर चालू आहे."

तुम्ही याला दोन बिघाड समजताय. सकाळचा वेगळा, दुपारचा वेगळा. तुम्ही दिलेल्या तपशिलावरून मला तरी तो एकच दिसतो, आणि तो मायएसक्यूएलमध्ये नाही, तुमच्या कोडमध्येही फारसा नाही.

अशा तक्रारीत मी सेटिंगला हात लावण्याआधी एवढंच शोधतो की कनेक्शन तोडलं कोणी. फोन मध्येच बंद पडला तर समोरच्याने ठेवला, आपल्याकडून कट झाला की रेंज गेली, हे कळल्याशिवाय कोणाशी भांडायचं ते ठरत नाही. इथेही तिघेच संशयित: डेटाबेस सर्व्हर, तुमचं ॲप्लिकेशन आणि मधला रस्ता. तिघांच्या तोडण्याच्या खुणा वेगळ्या असतात आणि त्या बहुतेक वेळा एररमध्येच दिसतात. लोक मात्र मुख्य आकडा वाचतात, २००६ गूगलवर टाकतात आणि पहिल्या उत्तरात वेट_टाइमआउट वाढवा असं असतं म्हणून तो वाढवतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

तुमच्या एररमधला महत्त्वाचा आकडा २००६ नाही, कंसातला ११० आहे. पायमायएसक्यूएल हा ड्रायव्हर (पायथन आणि मायएसक्यूएल यांच्यातला दुवा) लिनक्सने दिलेलं मूळ कारण कंसात तसंच ठेवतो, ही त्याची चांगली सवय. ११० म्हणजे समोरून उत्तरच आलं नाही, वाट पाहून मुदत संपली. तिथे १०४ असता तर समोरच्याने, किंवा मधल्या कोणीतरी, स्पष्टपणे रीसेट, म्हणजे 'हे कनेक्शन संपलं' असा निरोप, पाठवला असं म्हणता आलं असतं. ३२ असता तर कनेक्शन आधीच बंद झालेलं होतं आणि आपण त्यात लिहायला गेलो. वेट_टाइमआउट संपला की मायएसक्यूएल शांतपणे गायब होत नाही. तो आपल्या बाजूने कनेक्शन रीतसर बंद करतो, तशी सूचना तुमच्या मशीनपर्यंत पोचते आणि पुढच्या क्वेरीला, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला, एरर तत्काळ मिळते. ८.०.२४ पासून तर तो ४०३१ हा वेगळा आकडा देऊन 'निष्क्रियतेमुळे बंद केलं' असं सांगतो, अर्थात ड्रायव्हरने तो निरोप नीट वाचला तर. थोडक्यात, सर्व्हरने तोडलं असतं तर तुम्हाला ११० दिसायला नको होता.

आता दुपार घ्या. साइटवर दीड-दोन तास कोणी नाही. पूलमधली (पुन्हा वापरण्यासाठी राखून ठेवलेली) कनेक्शन्स उघडी आहेत, पण त्यावरून एकही पॅकेट जात नाही. मधलं फायरवॉल (नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी) प्रत्येक टीसीपी सत्राची, म्हणजे दोन मशीनमधल्या प्रत्येक कनेक्शनची, नोंद आपल्या तक्त्यात ठेवतं आणि ठरावीक काळ हालचाल दिसली नाही की ती नोंद पुसून टाकतं. कार्यालयांमध्ये सर्रास दिसणाऱ्या सिस्को एएसए आणि फोर्टिगेट या दोन्हींत ही मुदत मुळात एक तासाची असते. नोंद पुसल्याचं ते सहसा दोन्ही टोकांपैकी कोणालाच कळवत नाहीत. त्यामुळे तुमच्या वेब सर्व्हरला वाटतं कनेक्शन जिवंत आहे, मायएसक्यूएललाही तसंच वाटतं, आणि मधला रस्ता मात्र बंद. सुट्टीनंतर पहिला माणूस पान उघडतो, क्वेरी निघते, फायरवॉल म्हणतं हे सत्र माझ्या तक्त्यात नाही, आणि पॅकेट टाकून देतं. लिनक्स तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतं. त्याच्या मूळ सेटिंगनुसार हार मानायला साधारण पंधरा मिनिटं लागतात. तेवढा वेळ गुनिकॉर्न, म्हणजे तुमचं फ्लास्क ॲप चालवणारा प्रोग्राम, थांबत नाही. त्याच्या साध्या वर्करची (विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेसची) मुदत ३० सेकंद. ती संपली की तो वर्करला मारतो, पुढे बसून विनंत्या घेणारा एन्जिनएक्स ५०२ दाखवतो. तुमचं 'अर्धा मिनिट फिरतं' म्हणजे गुनिकॉर्नचे हेच ३० सेकंद. गुनिकॉर्नच्या लॉगमध्ये त्या वेळेला 'वर्कर टाइमआउट' अशी ओळ असणारच, बघा. म्हणूनच दुपारच्या प्रकारात डेटाबेसचं नावही कुठे दिसत नाही. एरर तयार व्हायच्या आतच प्रोसेस मेलेली असते.

आणि सकाळी? रात्री शेवटचा माणूस आठला गेला असं धरा. पायमायएसक्यूएल सॉकेटवर (कनेक्शनच्या आपल्या टोकावर) कीपअलाइव्ह, म्हणजे शांत कनेक्शन जिवंत आहे का याची चाचपणी, लावतो, पण लिनक्समध्ये पहिली चाचपणी ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते. मग ७५ सेकंदांच्या अंतराने नऊ वेळा. फायरवॉलने नोंद नऊलाच पुसलेली, त्यामुळे दहाला सुरू झालेल्या चाचपण्यांना उत्तर नाही. दहा वाजून अकरा मिनिटांच्या आसपास लिनक्स त्या कनेक्शनवर 'मुदत संपली' असा शिक्का मारून मोकळा होतो. सकाळी पहिली क्वेरी त्या सॉकेटवर गेली की तो शिक्का लगेच हातात येतो: ११०, एका क्षणात, न फिरता.

म्हणजे फरक एवढाच की खंड एक तास ते दोन तास अकरा मिनिटं यांच्या दरम्यान असेल तर पान लटकतं, आणि त्याहून जास्त असेल तर एरर झटकन येते. कारण तेच. 'पहिले तीन-चार जण' हेही जुळतं. गुनिकॉर्नच्या प्रत्येक वर्करचा पूल स्वतंत्र असतो. एका वर्करला एरर आली की एसक्यूएलअल्केमी (पूल सांभाळणारी पायथन लायब्ररी) त्या वर्करचा अख्खा पूल बाद करून नवा घेतो, पण बाकीच्या वर्करना त्याची खबर नसते. बहुधा तुमचे वर्कर चार असावेत.

वेट_टाइमआउट वाढवून फरक का पडला नाही, तेही यातच आलं. मायएसक्यूएलही आपल्या बाजूने कीपअलाइव्ह लावतो, त्यामुळे त्याच्याकडची ही कनेक्शन्सही सव्वादोन तासांच्या आतबाहेर मरतात. मूळच्या २८८०० सेकंदांपर्यंत, म्हणजे आठ तासांपर्यंत, गोष्ट पोचतच नाही. मग चोवीस केले काय आणि अठ्ठेचाळीस केले काय.

हे सगळं मी इथे बसून सांगतोय, तेव्हा आधी खात्री करून घ्या. फार खटाटोप नाही.

जेवणाच्या सुट्टीच्या शेवटी वेब सर्व्हरवर एसएस ही (उघडी कनेक्शन्स दाखवणारी) आज्ञा टीसीपी आणि टायमरच्या पर्यायांसह चालवा आणि ३३०६ पोर्टच्या ओळी बघा. कनेक्शन 'एस्टॅब' (जोडलेलं) दिसेल, शेजारी 'कीपअलाइव्ह' आणि उरलेली मिनिटं. आता दुसऱ्या कोणाला साइटचं पान उघडायला सांगा आणि तीच आज्ञा परत द्या. माझा तर्क बरोबर असेल तर त्या ओळीत सेंड-क्यू शून्य राहणार नाही, काही बाइट अडकलेले दिसतील, आणि टायमरच्या जागी 'ऑन' येऊन पुनःप्रयत्नांचा आकडा वाढत जाईल. त्याच वेळी डेटाबेस सर्व्हरवर 'शो प्रोसेसलिस्ट' पाहिलीत तर तेच कनेक्शन निवांत 'स्लीप'मध्ये असेल, त्याला काही आल्याचा पत्ताच नाही. आणखी पक्का पुरावा हवा तर दोन्ही टोकांना टीसीपीडम्प (पॅकेटं टिपणारं साधन) लावा. वेब सर्व्हरवरून एकच पॅकेट दुपटी-दुपटीच्या अंतराने सुटताना दिसेल, डेटाबेसच्या टोकाला शुकशुकाट. हे दोन तुकडे शेजारी-शेजारी ठेवून नेटवर्कवाल्याला पाठवा. पिंग चालू असणं म्हणजे रस्ता आहे एवढंच सिद्ध होतं. तुमचं जुनं सत्र फायरवॉलला आठवतंय का, हे पिंगला माहीत नसतं.

हाताने चाचणी करायची असेल तर एक खाचखळगा आहे. मायएसक्यूएलचा टर्मिनलवरचा क्लायंट तुटलेलं कनेक्शन स्वतःच गुपचूप जोडून घेतो, त्यामुळे चाचणी पास झाल्यासारखी वाटते. त्याला रीकनेक्ट टाळायचा पर्याय देऊन सुरू करा. शिवाय त्याला वेट_टाइमआउट नाही, इंटरॲक्टिव्ह_टाइमआउट (हाताने चालवलेल्या क्लायंटची तशीच मुदत) लागू होतो. मी सहसा दहा मिनिटं, अर्धा तास आणि पासष्ट मिनिटं असे तीन क्लायंट एकदम उघडून सोडून देतो आणि वेळ झाली की प्रत्येकाला साधी क्वेरी देतो. कुठला लटकला यावरून रस्त्याची मुदत कळते.

मुदतीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण हे उत्तर वाचून दुसरं कोणी एक तास धरून बसेल. ती जागेनुसार बदलते. एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउडमधल्या नॅट गेटवेला (खासगी नेटवर्कमधून बाहेर पडायच्या दाराला) ३५० सेकंद पुरतात, आणि तो नंतर आलेल्या पॅकेटला रीसेट पाठवतो, म्हणजे तिथे ११० ऐवजी १०४ दिसतो आणि पान लटकत नाही. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युर क्लाउडमधल्या लोड बॅलन्सरची मूळ मुदत चार मिनिटं आहे. गूगल क्लाउडचं फायरवॉल दहा मिनिटांची निष्क्रियता खपवून घेतं.

आता उपाय. एसक्यूएलअल्केमीत पूल_रिसायकल नावाची सेटिंग आहे, मुळात ती बंद असते. ती १८०० करा. म्हणजे पूलमधून कनेक्शन घेताना ते अर्ध्या तासाहून जुनं असेल तर टाकून नवं उघडलं जाईल. लक्षात घ्या, ही तपासणी कनेक्शन मागताना होते, मागे बसून कोणी साफसफाई करत नाही. तुमच्या कामाला तेवढं पुरेसं आहे, कारण तासाभराच्या खंडानंतर जुनं कनेक्शन हातात पडण्याची शक्यताच संपते.

"नुसतं पूल_प्री_पिंग चालू करा, झालं" असं सांगणारे पुष्कळ भेटतील. चालू करा, पण त्याच्यावर विसंबू नका. प्री-पिंग म्हणजे क्वेरीच्या आधी सर्व्हरला 'आहेस का' विचारणं. सकाळच्या एररवर ते रामबाण आहे, कारण तिथे नकार लगेच मिळतो. दुपारी मात्र तो प्रश्नच फायरवॉलमध्ये गडप होतो आणि तुमचं पान उत्तराची वाट पाहत तेवढंच लटकतं. पिंगही शेवटी त्याच मेलेल्या वाटेने जातो. हा फरक फार लोक लक्षात घेत नाहीत, आणि मग 'प्री-पिंग लावूनही होतंय' अशी तक्रार येते.

तिसरी गोष्ट कीपअलाइव्ह. वेब सर्व्हरवर टीसीपी_कीपअलाइव्ह_टाइम ७२०० वरून ३०० वर आणा. दर पाच मिनिटांनी एक रिकामं पॅकेट जाईल, फायरवॉलची नोंद ताजी राहील. कीपअलाइव्ह मुळात चालू असूनही तुमच्या उपयोगी पडत नव्हता, कारण एका तासात पुसल्या जाणाऱ्या नोंदीसाठी तो दोन तासांनी जागा होत होता. या सेटिंगचा परिणाम मशीनवरच्या कीपअलाइव्ह लावलेल्या सगळ्याच कनेक्शन्सवर होतो, तेव्हा ते मशीन दुसऱ्या कोणाबरोबर वाटून घेतलं असेल तर सांगून बदला. एखादा अहवाल गुनिकॉर्नबाहेर तासाभराहून अधिक वेळ चालणारा असेल, तर त्याला हाच उपाय लागेल. क्वेरी चालू असतानाही तारेवर शांतताच असते, आणि तिथे पूल_रिसायकल काही करू शकत नाही.

ड्रायव्हरचा रीड_टाइमआउट लावायचा की नाही, हे तुमच्या क्वेरींवर आहे. २० सेकंद ठेवलात तर गुनिकॉर्नने मारण्याआधी तुमच्या कोडला नीट एरर मिळेल आणि लॉगमध्ये खरं कारण उमटेल. पण महिनाअखेरचा स्टॉकचा अहवाल २५ सेकंद घेत असेल तर तो यात बळी पडेल. अहवालांसाठी वेगळं इंजिन (एसक्यूएलअल्केमीचा पूल धरणारा भाग) ठेवता येत असेल तरच लावा, असं माझं मत.

वेट_टाइमआउट परत आठ तासांवर आणा. चोवीस तासांनी आज तुमचं नुकसान नाही, पण उद्या कीपअलाइव्ह सुधारल्यावर विसरलेली कनेक्शन्स दिवसभर जागा अडवतील. साधा क्रम लक्षात ठेवा: पूलची मुदत सगळ्यात कमी, रस्त्याची त्याहून जास्त, सर्व्हरची सगळ्यात जास्त. कनेक्शन नेहमी आपण आपल्या हाताने सोडलेलं बरं.

दोन उपाय करू नका. एक, क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी लिनक्सची सोय) दर पाच मिनिटांनी 'सिलेक्ट १' चालवणं. क्रॉन स्वतःचं नवं कनेक्शन उघडतो आणि बंद करतो, तुमच्या पूलमधल्या कनेक्शन्सना त्याची ऊबही लागत नाही. दोन, एरर आली की क्वेरी डोळे झाकून पुन्हा चालवणं. कनेक्शन बदललं की अर्धवट ट्रँझॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणारा क्वेरींचा गठ्ठा) रद्द होतं, तात्पुरते टेबल जातात, घेतलेली कुलुपं सुटतात. मायएसक्यूएलनेही क्लायंट लायब्ररीतली आपोआप जोडून घेण्याची सोय ८.०.३४ पासून कालबाह्य ठरवली आहे. आणि कमिट (ट्रँझॅक्शन पक्कं करायचा हुकूम) पाठवल्यानंतर, उत्तर यायच्या आत कनेक्शन तुटलं तर ऑर्डर नोंदली गेली की नाही हे तुम्हाला कळत नाही. आंधळेपणाने पुन्हा चालवलंत तर खताची वीस पोती चाळीस होतील आणि फोन तुम्हाला येईल. पुन्हा प्रयत्न करायचाच असेल तर अख्खं ट्रँझॅक्शन सुरुवातीपासून चालवा, आणि ऑर्डर क्रमांकावर युनिक की (तोच क्रमांक दोनदा न घेणारी अट) ठेवा.

माझा तर्क चुकीचा निघाला, म्हणजे सेंड-क्यू अडकलेला दिसला नाही, तर आधी सर्व्हर स्वतःच पडतोय का ते बघा. 'शो ग्लोबल स्टेटस'मधला अपटाइम वाचा. मशीन महिनाभर चालू आहे आणि मायएसक्यूएल मात्र आज पहाटेपासूनच, असं दिसलं तर तो मरून सिस्टिमडीने (लिनक्समधल्या सेवा चालू ठेवणाऱ्या प्रोग्रामने) परत उभा केलेला आहे. कोणाला कळतही नाही. कर्नलच्या लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी' आणि त्यापुढे मायएसक्यूएलडीचं नाव सापडलं की कारण सापडलं: मेमरी संपली. कार्यालयातल्या एकाच मशीनवर हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि डेटाबेस दोन्ही असताना बफर पूल (मायएसक्यूएलने डेटासाठी राखलेली मेमरी) ऐसपैस ठेवला की हे हमखास होतं. रात्री बॅकअप सुरू झाला की तेवढाच धक्का पुरतो.

एरर १०४० असेल तर प्रश्न तुटण्याचा नाही, गर्दीचा आहे. मूळ मर्यादा १५१ कनेक्शन्सची. एसक्यूएलअल्केमीचा पूल मुळात पाच, वर दहा जादा, म्हणजे एका वर्करमागे पंधरापर्यंत. चार वर्करना साठ, ठीक आहे. उद्या कोणी वर्कर बारा केले की १८० झाले. ठरावीक एकाच कामाला कनेक्शन तुटत असेल, समजा सातबाराचे मोठे फोटो टेबलात भरताना, तर मॅक्स_अलाउड_पॅकेट तपासा, ८.० मध्ये सर्व्हरची मूळ मर्यादा ६४ एमबी आहे. आणि गुनिकॉर्न प्रीलोडसह (ॲप आधी लोड करून मग वर्कर काढण्याची पद्धत) चालवत असाल तर फोर्क होण्याआधी, म्हणजे वर्कर वेगळे होण्याआधी, उघडलेलं कनेक्शन दोन वर्कर वाटून घेतात. त्यात 'पॅकेट सीक्वेन्स नंबर राँग' अशा विचित्र एरर येतात, आणि त्या वेळेनुसार नाही तर गर्दीनुसार येतात. फोर्कनंतर इंजिन डिस्पोज करणं हा त्यावरचा उपाय.

सर्व्हरच्या बाजूने नोंद हवी असेल तर लॉग_एरर_व्हर्बॉसिटी (लॉगमध्ये किती तपशील यावा ती पातळी) ३ करा. ८.० मध्ये ती मुळात २ असते आणि तुटलेल्या कनेक्शन्सच्या नोंदी त्यात येतच नाहीत. लोक लॉग उघडतात, काही दिसत नाही, आणि 'डेटाबेस निर्दोष' असा निकाल देतात. ३ केल्यावर 'ॲबॉर्टेड कनेक्शन'च्या ओळी येतील, शेवटी कंसात कारण असेल. तुमच्याकडे त्या ओळींची वेळ शेवटच्या वापरानंतर दोन तास अकरा मिनिटांच्या आसपास निघाली, तर नेटवर्कवाल्याकडे जाताना तीही सोबत न्या.

पूल_रिसायकल आणि कीपअलाइव्ह लावून दोन-तीन दिवस दुपारी आणि सकाळी पाहा. तरीही होत असेल तर इथेच तीन गोष्टी लिहा: फायरवॉल कुठलं आणि त्याच्यावर टीसीपी सत्राची मुदत किती ठेवलीय, लटकलेल्या क्षणाचं एसएसचं आउटपुट, आणि कंसातला आकडा आता काय येतोय.